‘खालसा’ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न (सातारा): मुलगी आठवीत आहे. तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धावर अवांतर वाचन करून एक पान लिहून आणायला बाईंनी सांगितलंय. वाचनालयातून दोन पुस्तकं आणून तिने पहिलंच वाक्य लिहिलं, ‘१८१८ च्या युद्धात इंग्रजांनी साताऱ्याचं राज्य खालसा केलं.’ खालसा म्हणजे काय गं, विचारलं तर म्हणाली, ‘खल्लास केलं, संपवलं.’ मला पटलं नाही, पण नीट सांगताही येईना. आणि शिखांचा खालसा तो हाच का?

उत्तर (कराड): ताई, शब्द तोच. मूळ अरबी ‘खालिस’, म्हणजे शुद्ध, भेसळ नसलेलं. आपल्याकडे फारसीतून आला. मोगली कारभारात ज्या मुलखाचा वसूल जहागीरदाराकडे न जाता थेट बादशाही खजिन्यात पडे, तो खालसा मुलूख. गुरू गोविंदसिंगांनी १६९९ मध्ये स्थापन केलेल्या खालसा पंथाचं नावही याच शब्दाचं.

माझे आजोबा ‘ते गाव इनामाचं, आपलं खालसातलं’ असं सहज बोलायचे. त्यात लढाई नाही की हारजीत नाही. शेतसारा इनामदाराच्या घरी जातो की सरकारात, एवढंच त्यांना सांगायचं असायचं. म्हणून राज्य खालसा करणं म्हणजे मधला धनी काढून मुलूख थेट सरकारजमा करणं. हा वसुली दप्तरातला शब्द आहे आणि मला तो ‘जिंकलं’पेक्षा जास्त बोचतो.

मुलीच्या कानाला मात्र दाद द्या. ‘खल्लास’ त्याच अरबी धातूतून आलाय. ‘खुलासा’ आणि ‘निखालस’सुद्धा त्याच घरातले.

चुकलंय ते साल. खडकीची लढाई ५ नोव्हेंबर १८१७ ची. फेब्रुवारी १८१८ मध्ये आष्टीच्या लढाईत पेशव्यांचे सेनापती बापू गोखले पडले आणि छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती लागले. पेशव्यांचा बहुतेक मुलूख कंपनीने घेतला, पण साताऱ्याला लहानसं राज्य राखून १८१९ मध्ये तह केला. पुढे १८३९ मध्ये प्रतापसिंहांना पदच्युत करून काशीला धाडलं आणि धाकट्या भावाला, शहाजींना, गादीवर बसवलं. प्रतापसिंहांचे वकील रंगो बापूजी महाराजांसाठी दाद मागत कितीतरी वर्षं लंडनमध्ये झगडले, तेही व्यर्थ. १८४८ मध्ये शहाजी वारले, त्यांनी घेतलेला दत्तक गव्हर्नर जनरल डलहौसीने नाकारला आणि तेव्हा राज्य खालसा झालं. युद्ध संपून तीस वर्षं झाली होती.

उत्तर (सांगली): भर घालतो. ‘पेशवाई बुडाली’ म्हणताना कुणी बुडवली ते आपण सांगतच नाही. ‘खालसा केलं’ म्हटलं की करणारा समोर येतो. आमचं सांगली संस्थान १९४८ मध्ये मुंबई प्रांतात गेलं, त्याला इथे कुणीही खालसा म्हणत नाही. ‘विलीन झालं’ म्हणतात, कारण तिथे राजेसाहेबांची सही होती. मुलं वाचताना हे तीन शब्द एकाच अर्थाने घेतात, तेवढं वहीच्या कडेला लिहून द्या.

प्रश्नकर्ती: दोघांचेही मनापासून आभार. तिला सगळं वाचून दाखवलं. ‘युद्धात’ खोडून तिने आता लिहिलंय, ‘१८१८ मध्ये पेशवाई बुडवली. साताऱ्याचं राज्य इंग्रजांनी १८४८ मध्ये दत्तक नामंजूर करून खालसा केलं.’ ‘बुडवली’च्या आधी ‘इंग्रजांनी’ राहिलं होतं, ते तिने स्वतःच वरच्या बाजूला बारीक अक्षरात घातलं.