वाफवलेले पोर्क डंपलिंग: बूड फाटतं, खिमा कोरडा होतो

प्रश्न

महिन्याभरात तिसऱ्यांदा पोर्क डंपलिंग केले आणि तिसऱ्यांदा तेच झालं. मैदा गार पाण्यात भिजवते, अर्धा तास झाकून ठेवते. सारणात पोर्कचा खिमा (मुद्दाम बिनचरबीचा), बारीक चिरलेला चिनी कोबी, आलं, पातीचा कांदा, सोया सॉस, तिळाचं तेल. वीस मिनिटं वाफवते, कारण पोर्क कच्चं राहण्याची धास्ती वाटते. उचलायला गेलं की बूड चाळणीलाच चिकटून राहतं, सगळा रस निथळून जातो आणि पारीपासून सुटलेली खिम्याची घट्ट गोळी तेवढी हातात येते. काल मुलीने पारी वेगळी आणि गोळी वेगळी खाल्ली, काही बोलली नाही. मला फार वाईट वाटलं. चुकतंय कुठे, पारीत की सारणात?

प्रतिसाद १

चाळणीला नुसतं तेल लावून भागत नाही. कोबीची पानं अंथरा, किंवा भोकं पाडलेला बेकिंग पेपर. दोन डंपलिंगमध्ये बोटभर अंतर ठेवा. आणि गॅस बंद केल्यावर लगेच उचलू नका, दोन मिनिटं थांबा. वाफेतून काढलेली पारी लिबलिबीत असते, जरा निवली की सुटते.

प्रतिसाद २

ताई, दोन्हीत थोडं थोडं चुकतंय, पण मुख्य घोळ सारणाचा आहे. बिनचरबीचं मांस तापलं की आकसतं आणि आतलं पाणी बाहेर टाकतं. तुमची गोळी त्यामुळेच होते. खिम्यात तीस टक्के तरी चरबी हवी. खांद्याचं मांस घ्या, त्यात चरबी कमी दिसली तर पोटाचं थोडं मिसळा.

मी 300 ग्रॅम खिमा घेतो, फ्रिजमधून काढलेला गारच. आधी त्यात फक्त मीठ आणि सोया सॉस घालून एकाच दिशेने घोटतो. मग गार पाणी, एका वेळी एकच चमचा. पहिलं पाणी पूर्ण जिरल्याशिवाय दुसरं नाही. असे पाच-सहा मोठे चमचे सहज जिरतात. मिठामुळे मांसातली प्रथिनं सुटतात आणि ती हे पाणी धरून ठेवतात. खिमा भांड्याच्या कडेला चिकटून तार धरायला लागला, बोट ओढलं की मागे धागे उठले, की झालं. ही पायरी उरकू नका, मला दहा मिनिटं लागतात. कोबीला वेगळं मीठ चोळून पाव तास ठेवा आणि मुठीत दाबून घट्ट पिळा. तो, आलं, पात आणि तेल सगळ्यात शेवटी. चमचाभर सारण तव्यावर परतून चव बघा, कच्चं चाखू नका.

आता पारी. गार पाण्याची कणीक उकळायच्या डंपलिंगला ठीक. वाफवायचे असतील तर 250 ग्रॅम मैद्यावर साधारण 130 मिली उकळतं पाणी ओता, पळीने कालवा आणि हाताला सोसेल तेव्हा मळा. गरम पाण्याने पीठ अर्धवट शिजतं, चिवटपणा कमी होतो, पारी लाटताना मागे आकसत नाही. अर्धा तास झाकून ठेवा. लाटताना कडा पातळ आणि मध्य जाड ठेवा. तुमची बहुतेक उलट होत असणार, म्हणून बूड फाटतं.

वेळ म्हणाल, तर पाणी खळखळून उकळत असताना चाळणी ठेवून दहा मिनिटं. धास्ती असेल तर एकात थर्मामीटर खुपसा, मधोमध 71 अंश सेल्सिअस दिसलं की पोर्क शिजलं.

प्रतिसाद ३

उरलेले कच्चेच ताटात सुटे मांडून गोठवायचे, मग पिशवीत भरायचे. वाफवताना वितळवायचे नाहीत, नाहीतर कणीक ओली होते. थेट चाळणीत, तीनेक मिनिटं जास्त.

प्रश्नकर्ती

आज केले. पाणी खिम्यात जिरतंय यावर चौथ्या चमच्यापर्यंत माझा विश्वास बसत नव्हता, पण धागे खरंच उठले. बावीसपैकी दोनच फुटले, तेही चुण्या नीट न मिटल्यामुळे. मुलीने पहिला घास घेतला आणि रस हनुवटीवर आला. कोबीची पानंसुद्धा तिनेच संपवली. आता चुण्यांचं सांगा कुणीतरी, माझ्या सातच्या वर जात नाहीत.