मदत हवी आहे: बंदराच्या कारभारातील बदलाचा परिणाम कोणत्या मापाने तपासावा?

नमस्कार. अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर प्रबंधासाठी मी कंटेनर बंदरांचा अभ्यास करत आहे आणि एका मुद्द्यावर बरेच दिवस अडकले आहे. बंदर व्यवस्थापन किंवा संख्याशास्त्र जाणणाऱ्यांनी वाट दाखवावी, ही विनंती.

कारभाराची पद्धत बदलल्याने बंदराची कार्यक्षमता वाढते का, हा माझा मूळ प्रश्न आहे. मोठ्या कंटेनर बंदरांत बहुधा लँडलॉर्ड पद्धत दिसते. तिच्यात जमीन आणि जलमार्ग सार्वजनिक प्राधिकरणाकडे राहतात, तर क्रेन, यार्ड आणि रोजचे काम दीर्घ मुदतीच्या कराराने टर्मिनल चालकाकडे जाते. रॉटरडॅमचे प्राधिकरण 2004 मध्ये कंपनी झाले, तरी तिचे भागधारक महापालिका आणि डच सरकारच आहेत. ब्रिटनमधले फेलिक्सस्टो मात्र खासगी बंदर आहे. त्यामुळे 'खासगीकरण झाले की नाही' एवढ्या एका रकान्यात हा फरक मावत नाही, हे मला लवकरच कळले.

खरी अडचण मापाची आहे. बहुतेक अभ्यासांत डेटा एन्व्हलपमेंट अ‍ॅनालिसिस, म्हणजे वापरलेल्या साधनांच्या मानाने किती काम झाले याची बंदराबंदरांत तुलना करण्याची पद्धत, वापरतात: धक्क्याची लांबी, क्रेनची संख्या आणि यार्डाचे क्षेत्रफळ एका बाजूला, तर वर्षभरात हाताळलेले टीईयू (वीस फुटी कंटेनर हे एकक धरून केलेली मोजणी) दुसऱ्या बाजूला. पण एका जहाजातून उतरवून दुसऱ्यात चढवलेला कंटेनर या आकड्यात दोनदा मोजला जातो, म्हणून सिंगापूरसारख्या बंदराची तुलना मुख्यतः स्थानिक आयात-निर्यात हाताळणाऱ्या बंदराशी करणे मला अन्यायाचे वाटते. जागतिक बँकेचा कंटेनर बंदर निर्देशांक हा दोष टाळतो, कारण तो जहाजाने बंदरात घालवलेला वेळ पाहतो. परंतु जहाज लवकर सुटले म्हणून माल लवकर सुटला असे होत नाही. 20,000 टीईयूहून मोठे जहाज एकाच फेरीत हजारो कंटेनर उतरवून वेळेत निघून जाते आणि तेच कंटेनर पुढे यार्डात, सीमाशुल्क तपासणीत किंवा ट्रकच्या रांगेत अडकतात. अशा वेळी सुधारणेचा लाभ जहाज कंपनीच्या पदरात पडतो, आयातदाराच्या नाही, आणि माझ्या मते आर्थिक परिणामाचा कोणताही हिशेब याच प्रश्नापासून सुरू व्हायला हवा.

क्लार्क, डॉलर आणि मिको यांच्या 2004 च्या अभ्यासानुसार बंदराची कार्यक्षमता 25 व्या शततमकावरून (जिथे 25 टक्के बंदरे त्याच्या मागे असतात) 75 व्यावर गेली, तर जहाज वाहतुकीचा खर्च 12 टक्क्यांनी घटतो. निष्कर्ष मोठा आहे. पण त्यातील किती बचत शेवटच्या व्यापाऱ्यापर्यंत पोहोचते, ते मला शोधायचे आहे.

दुसरी शंका कार्यकारणाची. टर्मिनल चालक मुळातच वाढीची शक्यता असलेल्या बंदरासाठी बोली लावतात. मग करारानंतर दिसणारी वाढ कराराची म्हणावी, की आधीपासून चालत आलेल्या वाढीची? करारापूर्वीच्या काही वर्षांचा कल वजा करणे पुरेसे आहे, की त्याच मार्गावरील करार न झालेली बंदरे तुलनेसाठी घ्यावीत?

माझ्याकडे जहाजांच्या आगमन-निर्गमनाच्या वेळा आहेत, मात्र कंटेनर यार्डात किती दिवस राहिला याची नोंद फारच थोड्या बंदरांची आहे. फाटकातून ट्रक बाहेर पडण्याच्या वेळा त्याऐवजी वापरल्या, तर परीक्षकांना ते मान्य होईल का? असे काम प्रत्यक्ष केलेल्या कोणी अनुभव सांगितला, तर मोठी मदत होईल.