मदत हवी आहे : कृमीतला 'म' स्लाव्ह भाषांत 'व' कसा झाला?

नमस्कार मंडळी. रशियन शिकताना उंदराला 'मिश' म्हणतात हे कळलं आणि आपला मूषक आठवून फार आनंद झाला. तेव्हापासून बारीकसारीक जीवांची नावं जमवतेय.

अडलंय ते एका अळीपाशी. संस्कृत कृमि, फारसी किर्म, लिथुआनियन किर्मिस, सगळीकडे 'म' आहे. रशियनमध्ये मात्र 'चेर्व'. सुरुवातीच्या 'क'चा 'च' मला समजतो, पुढच्या तालव्य स्वरामुळे तो होतो. पण 'व' कुठून आला? आपल्याकडे ग्रामचं गाव, नामचं नाव झालं, तसं म्हणावं तर रशियनमध्ये नाव 'इम्या'च राहिलं. शिवाय तांबड्या समुद्राचं जुनं रशियन नाव 'चेर्म्नोये मोरे', म्हणजे त्याच धातूत 'म' टिकलेलाही दिसतो!

(लाल रंग किड्यांपासून काढत, म्हणून पोलिश 'चेर्वोनी' म्हणजे लाल. आपला किरमिजीही त्याच कुळातला. हे वाचून अंगावर काटा आला.)

तर हा 'व' ध्वनिबदलाने आला, की मुळात दोन वेगळे प्रत्यय होते? तुलनात्मक भाषाशास्त्र शिकलेल्या कुणी समजावून सांगाल का? मराठीतून या विषयावर काही वाचायला असेल तर तेही सुचवा.