शंखाचं वळण उलटं आलंय, चालेल का?

रंगपेटी (वडोदरा): तैलरंगात स्थिरचित्र चालू आहे: द्वारकेचा शंख, दोन कवड्या, मोत्याच्या शिंपल्याचं शकल. रेखाटन सेल्फी कॅमेऱ्याच्या फोटोवरून केलं. आता प्राणिशास्त्रवाले म्हणतात, शंख उलटा वळलाय. चित्रात एवढं बिघडतं का? रंग फक्त शकलावर लागलाय, पण त्याची झळाळी प्लास्टिकसारखी दिसते.

पन्हळ: बिघडतं. सेल्फीत प्रतिमा बहुधा आरशासारखी उलटते. शंखाचा वेटोळ्यांचा शेंडा वर आणि तोंड आपल्याकडे धरा. तोंड उजवीकडे आलं तर वळण उजवं, आणि बहुतेक शंख असेच असतात. डावं वळण फार दुर्मिळ. गंमत म्हणजे पूजेतला दक्षिणावर्ती तो हाच. तिथे शेंडा खाली आणि पन्हळ (शेंड्याच्या विरुद्ध टोकाची खोबण) वर धरून बघतात, म्हणून तोंड उजवीकडे दिसतं. जाणकाराला तुमच्या चित्रात दक्षिणावर्तीच दिसणार.

डच चित्रकार रेम्ब्राँच्या 1650 च्या शंखाच्या छापचित्रातही हेच झालंय. छपाईच्या तांब्याच्या पत्र्यावर शंख जसा दिसला तसा काढला, छापताना उलटला. सही मात्र त्याने आधीच उलटी कोरली होती, ती सुलट वाचता येते.

एकटा शंख उलटवू नका. फोटोत उजेडही उलटलाय, त्यामुळे शंखाची सावली एकीकडे आणि कवड्यांची दुसरीकडे पडेल. सगळं रेखाटन ट्रेसिंग पेपरवर घेऊन पालटा. कवड्यांनाही वळण असतं.

रंगपेटी: शकलावरचा रंग खरवडून काढते. पण झळाळी?

कालव: पांढरा जास्त झालाय. ती चमक रंगद्रव्याची नसते, चुन्याच्या अतिशय पातळ थरांवरून परतणाऱ्या उजेडाची असते; शकल जरा फिरवलं की गुलाबीच्या जागी हिरवा येतो. म्हणून एक नजर ठरवा, हलू नका. मध्यम राखाडी थर द्या. तो ओला असतानाच गुलाबी आणि हिरवट रंगाचे पातळ पट्टे शेजारी शेजारी लावा, दोन्ही राखाडीइतकेच गडद. पॅलेटवर एकत्र कालवलेत तर चिखल होईल. शुद्ध पांढरा शेवटी, तांदळाच्या दाण्याएवढा, एकाच जागी.

पन्हळ: सयाजीबागेतल्या संग्रहालयात चित्रदालन आणि प्राण्यांचा विभाग दोन्ही आहेत, एकाच फेरीत बघा. प्राणिशास्त्राच्या अभ्यासचित्रात शंख तोंडाकडून आणि पाठीकडून असा दोनदा काढतात, उजेड डावीकडून वरून, शेजारी मोजपट्टी. स्थिरचित्राला पट्टी नको, पण लांबी-रुंदी डिव्हायडरने घ्याच.

आणि शंख व्हिनेगरने धुऊ नका, चुना विरघळून नक्षी पुसट होते. पाणी आणि मऊ ब्रश पुरे.