मदत हवी आहे: बकरं सोलायला सुरी कुठली घ्यावी? (खानापूर-बेळगाव भाग)

नमस्कार मंडळी, खाटीककामातलं ज्यांना कळतंय त्यांनी जरा सांगा. आधीच सांगतो, शिकारीसाठी विचारत नाहीये, ती 1972 च्या वन्यजीव कायद्यानं बंद आहे आणि आमचं गाव कणकुंबीच्या बाजूला जंगलाला लागूनच, त्यामुळं त्या भानगडीत आमच्यातलं कुणी पडत नाही. प्रश्न घरच्या बकऱ्याचा आहे.

यात्रेला आमच्यात बकरं घरीच कापतात. इतकी वर्षं सोलायचं काम थोरले काका करायचे, आता त्यांचा हात थरथरतोय म्हणून दोन वर्षं झाली माझ्याकडं आलंय. काकांची सुरी घासून घासून बोटाएवढी बारीक झालेली, म्हणून गेल्या यात्रेला मी स्वयंपाकघरातली लांब टोकदार सुरी घेतली आणि पोट उघडताना टोक आत गेलं, आतडं फुटलं, घाण सगळी मागच्या फऱ्यावर, म्हणजे मांडीवर. पाहुणे अंगणात येऊन बसलेले, चूल पेटलेली, आणि तो फरा टाकून द्यावा लागला. बहिणीनं चारा घालून वाढवलेलं जनावर, त्याचं मटण माझ्या हातून वाया गेलं हे अजून डोक्यातून जात नाही. काका काही बोलले नाहीत, नुसते बघत राहिले, तेच जास्त लागलं.

तेव्हापासून व्हिडिओ बघायलोय, पण ते सगळे अमेरिकेतले हरणं मारणारे लोक, त्यांच्या सुऱ्यांना पाठीवर आकडा असतो, तो कातड्याखाली घालून चेन उघडावी तसं पोट उघडत जातात. बघायला झकास वाटतं, पण 18-20 किलोच्या बकऱ्याला ते लागतंय का? आणि त्या आकड्याला आतनं धार कशी लावायची, आपल्याकडचा धारवाला तर सरळ पात्यालाच दगड लावतो.

एवढं कळलंय की सोलायची सुरी आखूड हवी, पातं चार-पाच इंच, धारेची बाजू गोलसर फुगीर आणि टोक बोथट किंवा वर वळलेलं, म्हणजे कातड्याला भोक पडत नाही. आता अडलंय ते पोलादावर. बाहेरच्यांत स्वीडनच्या मोरा कंपनीची सुरी दिसली, पातं साधारण 10 सेंटीमीटर, स्टेनलेस, प्लास्टिकची मूठ, धुवून टाकली की झालं. दुसरीकडं आमचा लोहार म्हणतोय ट्रकच्या जुन्या कमानपाट्याची करून देतो, चांगलं पाणी देतो, जन्मभर जाईल. त्याच्या कोयत्यांवर माझा विश्वास आहे, पण आमच्याकडं जून ते सप्टेंबर घरातल्या भिंतीसुद्धा ओल्या असतात, कमानपाटा म्हणजे कार्बनचं लोखंड, ते गंजणार नाही का? वर्षातनं चार-पाच वेळाच वापर आहे.

अजून एक, मामाचं गाव चंदगड तालुक्यात, तिकडंही मला बोलावतात, म्हणजे शिनोळीच्या सीमेवरनं महाराष्ट्रात सुरी घेऊन जाणं येणं होणार. 9 इंचापेक्षा लांब किंवा 2 इंचापेक्षा रुंद पात्याला शस्त्र कायदा लागतो असं वाचलंय, घरगुती आणि शेतीच्या हत्यारांना सूट आहे, तरी आखूडच बरी असं मला वाटतंय.

प्रतिसाद:
दादा, मी निपाणीकडचा, घरात खाटीककामच आहे. आकडा विसरा. बकरं मागच्या पायांनी टांगल्यावर सुरी लागते ती फक्त पायाजवळ चीर द्यायला आणि गळ्यापर्यंत रेघ मारायला, बाकी कातडं हाताची मूठ आत दाबत नेली की सुटतंय, बकरं गरम असतानाच. सुरीनं ओरबाडत बसलात तर भोकं पडतात आणि चामडंवाला भाव पाडतो. चीर देताना धार बाहेरच्या बाजूला ठेवा, आतनं वर, म्हणजे केस मटणाला चिकटत नाहीत. पोट उघडताना आधी दोन बोटं मावतील एवढीच चीर, मग ती बोटं आत घालून आतडी मागं दाबायची आणि बोटांच्या मधनं धार वर करून सुरी सरकवायची, टोक आत जायला जागाच राहात नाही. आणि कलेजी काढताना पित्ताची पिशवी सांभाळा, ती फुटली की कलेजी कडू.
पोलादाचं म्हणाल तर दोन्ही चालतंय. लोहाराची लवकर धार घेते, पण काम झालं की लगेच धुवून, पुसून, खोबरेल लावून कापडात ठेवायची, चामड्याच्या म्यानात कोंबून ठेवू नका, चामडं ओल धरतंय.

प्रतिसाद:
मूठ बघून घ्या आधी. चरबी लागली की गुळगुळीत लाकडी मूठ सटकते, बोट पात्यावर जातंय. पुढं बोट अडायला उंचवटा हवाच.

धागाकर्ता:
लई आभार निपाणीकर, दोन बोटांचं कुणी सांगितलंच नव्हतं, आमच्या थोरल्या काकांना विचारलं तर म्हणाले "मी तसंच करायचो की, तू बघितलं नाहीस". मग लोहाराकडंच करून घेतो, पातं पाच इंच, टोक गोल. आता फक्त मुठीचं सांगा, शिसव घालू का, आणि बोट अडायचा उंचवटा लाकडातच कोरायचा की लोखंडाची कडी बसवून घ्यायची? पुढच्या मंगळवारी तो भट्टी लावणार आहे, त्याच्या आधी सांगितलं तर बरं होईल.