मदत हवी आहे : डायसेक स्विच टिकतच नाहीत, कुठला घ्यावा?

नमस्कार मंडळी, मी जुळे सोलापूरला राहतो, गच्चीवर दोन डिश आहेत, छोटी फ्री डिशची म्हणजे जीसॅट १५ या उपग्रहावर ९३.५ अंश पूर्वेला आणि मोठी ८३ अंशावरच्या उपग्रहाकडे, दोन्ही एका फोर बाय वन डायसेक स्विचमधून (चार डिशपर्यंतच्या केबल घेऊन बॉक्स सांगेल ती एक जोडणारा) एकाच सेटटॉप बॉक्सला जोडल्यात. पण बाजारात मिळणारे हे स्वस्तातले स्विच काही महिन्यातच दगा देतात हो!

आधी बॉक्स केबलमधून १८ व्होल्ट देतो ते म्हणजे हॉरिझॉन्टल चॅनेल तुटायला लागतात, १३ व्होल्टचे व्हर्टिकल चालू असतात, मग तो पोर्टच मरतो. स्विच काढून केबल डायरेक्ट लावली की सिग्नल एकदम फुल, म्हणजे एलएनबी (डिशच्या पुढचा, सिग्नल पकडणारा भाग) आणि केबल ठीकच आहे ना? जुना स्विच उघडला तर आत हिरवट गंज, झाकणाच्या फटीतून पावसाचं पाणी गेलेलं, वर मे महिन्यातलं आपलं ऊन तर माहितीच आहे.

डायसेकऐवजी २२ किलोहर्ट्झचा टोन स्विच (बॉक्सने केबलमधून पाठवलेल्या टोनवर डिश बदलणारा) लावा असं एकजण म्हणाला, पण माझा एक एलएनबी युनिव्हर्सल आहे, तो हाय बँडसाठी म्हणजे वरच्या फ्रिक्वेन्सीच्या चॅनेलसाठी तोच टोन वापरतो, मग कसं जमणार?

दोनच डिश असतील तर टू बाय वन जास्त टिकतो का? स्विच घरात टीव्हीमागे बसवला तर चालेल का, दोन केबल खाली आणाव्या लागतील, त्याची तयारी आहे. सोलापुरात चांगला माल कुठे मिळतो तेही सांगा. आई दिवसभर घरीच असते, तिचं कीर्तन सारखं बंद पडतं, फार वाईट वाटतं.