व्हूडू ग्लो स्कल्सचा 'फिर्मे' ऐकलात का?

कुणीतरी लिहिलंय की स्का-पंक (जमैकातलं नाचाचं संगीत 'स्का' आणि वेगवान, खरखरीत रॉक 'पंक' यांचं मिश्रण) म्हणजे पंकला चिकटवलेली दोन-चार पितळी वाद्यं, बाकी सगळं सारखंच. मला हे अजिबात पटत नाही. व्हूडू ग्लो स्कल्स या बँडचा १९९५ चा 'फिर्मे' हा अल्बम ऐका, तोही हेडफोन लावून.

बँड कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडचा. फ्रँक, एडी आणि होर्हे हे तीन कासियास भाऊ, मेक्सिकन-अमेरिकन घरातले. या अल्बमवर एक गायलाय, एक गिटारवर, एक बेसवर. स्कामध्ये गिटारचा फटका ठोक्यावर पडत नाही, दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत पडतो. इथे ती 'चक-चक' अंगात भिनतेय तोवर ड्रम सुसाट सुटतात, गिटार खरखरीत होते आणि ट्रंपेट-ट्रॉम्बोन वरून तान फेकतात. काय जीव ओतलाय!

त्यातलं 'एल कूकूई' हे गाणं तर ऐकाच. कूकूई म्हणजे मेक्सिकन घरांतला बागुलबुवा, न झोपणाऱ्या पोरांना दाखवतात तो. लॅटिन प्रभाव म्हणतात तो असा घरातूनच आलेला आहे, वरून भुरभुरवलेला नाही. हाच अल्बम त्यांनी स्पॅनिशमध्येही काढलाय, आणि मला तोच जास्त आवडतो. स्पॅनिशमधले बरेचसे शब्द 'आ', 'ओ' अशा स्वरांवर संपतात, त्यामुळे एवढ्या वेगातही ओळी एकमेकींत सहज मिसळतात.